रेड बिग बस: एका वहीतली आठ वाक्यं

शाळेतून निवृत्त झाल्यापासून वाईतल्या घरी संध्याकाळी मी आठ-दहा मुलांना इंग्रजी शिकवते. गेल्या हिवाळ्यात त्यातल्या एकाच्या वहीनं मला दोन महिने गुंतवून ठेवलं. मुलगा नववीतला, मराठी माध्यमाचा, हुशार, अक्षर मोत्यासारखं. ॲडजेक्टिव्ह म्हणजे काय विचारलं की एका दमात सांगणार, नामाबद्दल विशेष माहिती सांगतो तो शब्द. घटक चाचणीत अधोरेखित शब्दाची जात ओळखण्याच्या प्रश्नात त्याला पैकीच्या पैकी. आणि त्याच पेपरात सहलीवर लिहिलेल्या परिच्छेदाला दहापैकी तीन.

तो परिच्छेद इथे देवनागरीत उतरवते, म्हणजे त्याच्या तोंडून ऐकल्यासारखा वाटेल:

"वी वेंट टू प्रतापगड इन अ रेड बिग बस. इन द बस आय वॉज व्हेरी बोअरिंग. माय असलीप फ्रेंड डिड नॉट सी द घाट. प्रतापगड इज व्हेरी टॉल. अवर गाइड वॉज अ ट्वेंटी इयर्स ओल्ड बॉय. ही शोड अस डिफरंट्स थिंग्ज. ॲन अंडर द ट्री सिटिंग ओल्ड मॅन गेव्ह अस वॉटर. वी बॉट अ फुल ऑफ स्ट्रॉबेरीज बास्केट. द इव्हनिंग वॉज कोल्ड सो वी एट समथिंग हॉट."

नऊ वाक्यं. पहिल्या आठांत एकेक लाल गोल आणि शेवटी समासात एकच शब्द, 'ग्रामर'. वही माझ्यापुढे सरकवून मुलगा म्हणाला, "बाई, विशेषणं तर सगळी आलीत. रेड पण बरोबर, बिग पण बरोबर. मग मार्क कशाचे कापले?"

प्रश्न रास्त होता. 'टॉल' आणि 'बोअरिंग' सोडले तर शब्द निवडण्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. व्याख्येच्या कसोटीवर परिच्छेद खरा उतरतो, कारण प्रत्येक शब्द आपल्या नामाबद्दल माहिती सांगतोच आहे. पण ही माहिती नामाला चिकटते कशानं, हे व्याख्येत कुठेच नाही. आणि मराठीत ती ज्या गोंदानं चिकटते तो गोंद इंग्रजीत मिळत नाही.

मराठीत चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल. अनेकवचनात चांगले मुलगे, चांगल्या मुली, चांगली मुलं. प्रत्यय लागायची वेळ आली की सगळ्यांचं 'चांगल्या' होतं. विशेषण नामाचं लिंग-वचन अंगावर घेतं, म्हणून ते कुणाचं आहे हे त्याच्या शेपटावरून कळतं. हिंदीत अच्छा-अच्छी-अच्छे. संस्कृतात तर विभक्तीही जुळली पाहिजे, आणि आठवीपासून संस्कृत घेतलेल्या या मुलाला तो श्लोकही पाठ होता: यल्लिङ्गं यद्वचनं या च विभक्तिर्विशेष्यस्य, तल्लिङ्गं तद्वचनं सा च विभक्तिर्विशेषणस्यापि. म्हणजे शाळेतल्या चार भाषांपैकी तीन त्याला एकच गोष्ट सांगत होत्या, विशेषणानं नामाचा रंग घ्यायचा. चौथ्या भाषेनं तसं करायचं नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. 'डिफरंट्स थिंग्ज' तिथून आलं. 'वेगवेगळ्या वस्तू' मधला 'वेगवेगळ्या' त्यानं इमानानं इंग्रजीत नेला.

हा गोल सोडवायला एक मिनिट लागलं. मराठीतही सगळी विशेषणं बदलत नाहीत. लाल शर्ट, लाल साडी, लाल फूल, लाल फुलं. 'लाल', 'सुंदर', 'हुशार', 'कठीण' ही अविकारी. "इंग्रजीतली सगळी विशेषणं लालसारखी," एवढं म्हटल्यावर त्यानं स्वतःच 'डिफरंट्स'चा शेवटचा 'स' खोडला. अपवाद म्हणून धिस-दीज आणि दॅट-दोज सांगून ठेवले. वचनानुसार बदलणारे एवढेच, आणि हल्लीची पुस्तकं त्यांना विशेषणांत धरतही नाहीत.

एक गोष्ट मात्र त्याला मुद्दाम सांगितली, कारण इंग्रजीला व्याकरणच नाही अशी एक समजूत मुलांत असते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही विशेषण लिंग, वचन, विभक्तीप्रमाणे बदलत होतं, अगदी आपल्यासारखं. पुढे शब्दांचे शेवट झिजत गेले, आणि पंधराव्या शतकापर्यंत विशेषणाची शेवटची खूणही गळून पडली. शेपूट गेल्यावर विशेषण कुणाचं हे कळणार कसं? जागेवरून. जो शेजारी बसेल त्याचं.

याचा अर्थ किती कडक आहे हे मराठी माणसाला पटकन जाणवत नाही. आपण बोलताना सहज म्हणतो, "टोपली उचलली बाई तिनं, चांगली जड." 'जड' वाक्याच्या टोकाला जाऊन बसलं तरी ते टोपलीचंच राहतं. इंग्रजीत 'द ओल्ड मॅन सॉ द डॉग' मधला 'ओल्ड' तीन शब्द उजवीकडे सरकवला की म्हातारा कुत्रा होतो. एवढा एक मुद्दा हाती आला की उरलेल्या लाल गोलांपैकी निम्मे एकाच घरचे निघतात.

हे मला आधीच सुचलं असतं तर एक आठवडा वाचला असता. मी सुरुवात केली ती पहिल्या वाक्यापासून, आणि तिथेच फसले.

'रेड बिग बस'साठी मी तोच तक्ता काढला जो बहुतेक व्याकरणाच्या पुस्तकांत असतो. आधी मत, मग आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, कशाचं बनलंय, कशासाठी आहे, आणि शेवटी नाम. मुलानं तो पाठ केला. पुढच्या वेळी गडावरच्या शिवरायांच्या पुतळ्याबद्दल, १९५७ साली पंडित नेहरूंनी अनावरण केलेल्या त्या अश्वारूढ पुतळ्याबद्दल, त्यानं लिहून आणलं: "वी सॉ अ ब्यूटिफुल बिग ओल्ड लाँग ब्लॅक इंडियन ब्राँझ हॉर्स स्टॅच्यू." तक्त्यातला एकही खण त्यानं रिकामा ठेवला नव्हता. क्रम बिनचूक, वाक्य वाचताना धाप लागते. आठ विशेषणं एका नामाला लावून कुणी बोलत नाही. दोन पुष्कळ, तीन म्हणजे डोक्यावरून पाणी.

तक्ता बाजूला ठेवला आणि त्याला मराठीत विचारलं, "तुमच्या घरी पाण्याला काय आहे? लाल मोठा माठ की मोठा लाल माठ?" तो म्हणाला, "मोठा लाल माठ." "आणि मातीचा मोठा लाल माठ?" जरा थांबून, "नाही, मोठा लाल मातीचा माठ." तो क्रम त्याच्या जिभेवर आधीपासून होता, आणि इंग्रजीचाही जवळपास तोच आहे. जे वस्तूच्या पोटात आहे, म्हणजे ती कशाची बनलीय, ते नामाला खेटून. जे बघणाऱ्याच्या मनात आहे ते सगळ्यात लांब. सुंदर मोठा लाल मातीचा माठ. फरक इतकाच, की मराठीत 'लाल मोठा माठ' कुणी म्हटलं तर कान टवकारले जात नाहीत, इंग्रजीत टवकारले जातात. मग 'रेड बिग' का लिहिलं होतं? "एसटी म्हटलं की आधी लालच दिसते, बाई." यावर मी काय बोलणार! गावोगावी तिला लालपरी म्हणतात ते उगाच नाही. तरी बस झाली 'अ बिग रेड बस'.

आता म्हातारा आणि टोपली. या प्रकरणाचा गाभा मी या दोन वाक्यांना मानते.

'झाडाखाली बसलेला म्हातारा' आणि 'स्ट्रॉबेरींनी भरलेली टोपली'. मराठीत वर्णन कितीही लांबलं तरी ते नामाच्या आधीच येतं. 'काल संध्याकाळी पसरणीच्या घाटात आमच्या बसला हात करून थांबवणारा म्हातारा' असं आपण एका श्वासात म्हणतो, आणि म्हातारा शेवटी येतो, वरातीत नवरदेव यावा तसा. इंग्रजीत नवरदेवापुढे चालायला फार थोड्यांना परवानगी आहे. एकटं विशेषण, फार तर त्याच्या आधी एखादं 'व्हेरी', एवढंच पुढे चालेल. ज्याच्यासोबत स्वतःचं सामान आहे त्यानं मागून यायचं. 'फुल' एकटा असेल तर 'अ फुल बास्केट'. 'फुल'बरोबर 'ऑफ स्ट्रॉबेरीज' असं गाठोडं आलं की 'अ बास्केट फुल ऑफ स्ट्रॉबेरीज'. म्हातारा 'ओल्ड' म्हणून पुढे, 'सिटिंग अंडर द ट्री' म्हणून मागे: 'ॲन ओल्ड मॅन सिटिंग अंडर द ट्री'. एकाच माणसाची दोन विशेषणं, एक पुढे, एक मागे.

हे फळ्यावर लिहून पटलं नाही. तेव्हा जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर नाम, बाकीच्यांवर वर्णनं. नियम एकच: चिठ्ठीवर विशेषणाला स्वतःचं सामान जोडलेलं असेल तर ती नामाच्या उजवीकडे. मुलगा जमिनीवर बसून अर्धा तास चिठ्ठ्या सरकवत होता. 'प्राउड' डावीकडे, 'प्राउड ऑफ हिज सन' उजवीकडे. 'अँग्री' डावीकडे, 'अँग्री विथ मी' उजवीकडे. शेवटी त्यानं मान वर करून विचारलं, "म्हणजे मराठीत सामान डोक्यावर आणि इंग्रजीत पाठीवर?" इतकं बरं मला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

'ट्वेंटी इयर्स ओल्ड बॉय'ची गोष्ट याच जागेच्या हिशोबातली. 'ही वॉज ट्वेंटी इयर्स ओल्ड' हे बरोबर आणि 'अ ट्वेंटी-इयर-ओल्ड बॉय' हेही बरोबर. पहिल्यात 'इयर्स' नाम म्हणून आपल्या जागी आहे. दुसऱ्यात ते 'बॉय'च्या पुढे, विशेषणाच्या पाटावर जाऊन बसलं. विशेषण वचन दाखवत नाही, तेव्हा त्या पाटावर बसताना 'स' बाहेर काढून ठेवायचा, देवळाच्या पायरीशी चपला काढाव्यात तसा. दहा रुपये 'टेन रुपीज', पण दहाची नोट 'अ टेन-रुपी नोट'. दात बत्तीस असले तरी 'टूथब्रश'. इथे मराठीला षष्ठीचा आधार लागतो, रुपयांची नोट, दातांचा ब्रश, शाळेची बॅग. म्हणून आमची मुलं 'स्कूल्स बॅग' लिहितात. इंग्रजी मात्र नामाला तसंच उचलून नामापुढे बसवतं. मुलानं दुसऱ्याच दिवशी मला 'स्पोर्ट्स डे', 'सेव्हिंग्ज बँक' आणि 'गुड्स ट्रेन' आणून दाखवले. चपला न काढता आत गेलेले. असतात असेही, म्हटलं. त्यानं त्यांची वेगळी यादी केली.

'माय असलीप फ्रेंड'वर मात्र मी खूश झाले होते, चूक असली तरी. कारण त्यातून एक सुरेख गोष्ट निघते. शाळेच्या मराठी व्याकरणात अधिविशेषण आणि विधिविशेषण असा भेद शिकवतात. 'हुशार मुलगा' मधलं नामाआधीचं 'हुशार' ते अधिविशेषण, 'मुलगा हुशार आहे' मधलं नामानंतर येऊन विधान पुरं करणारं ते विधिविशेषण. इंग्रजीत बहुतेक विशेषणांना दोन्ही जागा खुल्या असतात, पण 'असलीप', 'अवेक', 'अलाइव्ह', 'अफ्रेड' यांना नामाआधी बसता येत नाही. पाठ करा, एवढंच बहुतेक ठिकाणी सांगतात. पण 'असलीप' मधला 'अ' हा मुळात 'ऑन' आहे. जुन्या इंग्रजीत 'झोपेवर' असा दोन शब्दांचा प्रयोग होता, तो घासून एक झाला. 'अलाइव्ह' तसाच, 'जिवावर'. म्हणजे 'असलीप'चा खरा मराठी जोडीदार 'झोपलेला' नव्हे, 'झोपेत'. आणि 'मित्र झोपेत होता' म्हणणारा मराठी माणूस 'माझा झोपेत मित्र' कधीच म्हणत नाही! मुलाला हे सांगितलं आणि त्यानं लगेच 'माय फ्रेंड वॉज असलीप ॲन्ड डिड नॉट सी द घाट' लिहिलं. 'अफ्रेड'चा इतिहास वेगळा आहे. तो इथे काढला असता तर जेवणाची वेळ टळली असती.

आता 'आय वॉज व्हेरी बोअरिंग'. वर्गात हे वाक्य वाचल्यावर बाकीची मुलं हसली आणि ती का हसताहेत हे त्याला कळेना. मराठीत आपण 'मला कंटाळा आला' म्हणतो. कंटाळा नाम आहे, तो आपल्याकडे येतो, पाहुण्यासारखा. त्या वाक्यात विशेषणच नाही. बोलीत तर 'मला बोअर झालं' म्हणून इंग्रजी शब्दही आपण आपल्या साच्यात बसवून टाकला. तेव्हा इंग्रजी लिहिताना मुलाला कुठलं तरी विशेषण शोधावं लागतं, आणि 'बोअरिंग' कानावरून जास्त गेलेलं असतं. मग त्याला मराठीतलीच जोडी दाखवली: थकवणारा प्रवास, थकलेला प्रवासी. घाबरवणारी गोष्ट, घाबरलेलं पोर. कंटाळवाणं भाषण, कंटाळलेले श्रोते. देणारा 'इंग', घेणारा 'एड'. "म्हणजे मी लिहिलं की बसमध्ये मी कंटाळवाणा होतो?" त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेजारी बसणाऱ्यानं मागून दुजोरा दिला, की तसं ते खरंच आहे. ही चूक त्याच्याकडून पुन्हा झाली नाही. हसं झालेली चूक सहसा परत येत नाही, तरी कुणाला हसून शिकवावं असं मी म्हणणार नाही.

'टॉल प्रतापगड'ला नियम नाही. मराठीत माणूस उंच, झाड उंच, गडही उंच. इंग्रजीत रुंदीच्या मानानं शिडशिडीत वर जाणारं ते 'टॉल', म्हणून माणूस, झाड, मनोरा. डोंगर, भिंत, गड 'हाय'. उलटही होतं. आपला 'कडक' घ्या. चहा कडक तो 'स्ट्राँग', मास्तर कडक ते 'स्ट्रिक्ट', भाकरी कडक ती 'हार्ड', नोट कडक ती 'क्रिस्प', आणि पोरं एकमेकांच्या फोटोखाली 'कडक' लिहितात त्याला काय म्हणायचं ते त्यांनाच विचारावं. विशेषण कुठल्या नामाबरोबर नांदतं हे ऐकून-वाचूनच कळतं. मी त्याला एक वेगळं पान आखून दिलं. डावीकडे नाम आणि उजवीकडे त्याच्याबरोबर वाचनात सापडलेलं विशेषण. पानावर पहिली नोंद 'हेवी रेन' अशी पडली, कारण 'बिग रेन' त्यानं आदल्याच दिवशी लिहिला होता.

राहिलं नववं वाक्य, ज्यावर गोल नव्हता. 'समथिंग हॉट'. इंग्रजीत 'समथिंग', 'समवन', 'नथिंग' यांचं विशेषण नेहमी मागे येतं, आणि हे अपवाद म्हणून शिकवलं जातं. या मुलानं ते न शिकता बरोबर लिहिलं, कारण घाटात गारठलेला मराठी माणूस 'काहीतरी गरम खाऊया' म्हणतो. लाल पेनाला चूकच दिसते. आठ ठिकाणी मराठीनं त्याला अडवलं होतं, नवव्या ठिकाणी त्याच मराठीनं हात दिला, याची नोंद वहीत कुठेच नव्हती. ती मी हिरव्या शाईनं केली. आधीच्या कच्च्या मजकुरात तिथे 'हॉट हॉट भजी' होतं, हेही त्यानं नंतर कबूल केलं. परीक्षेत ते चालणार नाही. माझ्या घरी चालतं.

दोन महिन्यांनंतरच्या चाचणीत परिच्छेद होता गावच्या जत्रेवर. क्रम, जागा, 'इंग-एड' सगळं ठीक. सामानवालं विशेषण तीनदा आलं आणि तिन्ही वेळा मागे बसलं. चुकलं ते नांदण्याचं, 'फास्ट' ऐवजी 'स्पीड' घोडे वगैरे. त्याला आणखी दोन वर्षं तरी लागतील असा माझा अंदाज आहे. दहापैकी सात मिळाले.

मार्क सांगायला आला तेव्हा हातात इतिहासाचं पुस्तक होतं. "बाई, तुम्ही म्हणालात एकट्या विशेषणानं पुढे बसायचं. मग गव्हर्नर जनरल कसं? जनरलकडे तर सामान नाही."

म्हटलं, बैस. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढे जवळजवळ तीनशे वर्षं दरबार आणि कोर्टकचेरी फ्रेंचमध्ये चालली. फ्रेंचमध्ये विशेषण बहुधा नामामागे येतं. १३६२ साली कोर्टात इंग्रजी बोलण्याचा कायदा झाला, पण तोवर कचेरीतल्या शब्दांनी आपली बैठक सोडली नव्हती. म्हणून अटर्नी जनरल, कोर्ट मार्शल, आणि त्याच वळणावर गव्हर्नर जनरल. नाम पुढचं असल्यामुळे अनेकवचनही पुढच्याचं, 'गव्हर्नर्स जनरल'.

तो लिहून घेत होता. मधेच थांबला. "मग मेजर जनरल?"

"तिथे 'मेजर जनरल्स'. आज तो जनरलचाच एक दर्जा धरतात."

"म्हणजे तिथे जनरल नाम?"

"आज नाम. पण हा हुद्दा मुळात 'सार्जंट मेजर जनरल' असा होता, आणि त्यात जनरल विशेषणच होतं. पुढे सार्जंट गळून पडला."

त्यानं वहीत दोन रकाने आखले होते, पुढचे आणि मागचे. मेजर जनरल कुठे लिहायचा यावर बराच वेळ पेन उचलून बसला, आणि मग दोन रकान्यांमधल्या रेघेवरच लिहिला.